मापासाठी बसवलेला माणूस

ते पान बुधवार बाजारातल्या रद्दीतलं.
बाबांनी वीस रुपयांत आणलं, तेव्हाच
कोपऱ्यावर तेलाचा डाग होता
आणि गावाचं नाव फाटून गेलेलं.
एक देऊळ. छप्पर नाही.
आठ खांब उभे, नववा आडवा,
वरच्या त्रिकोणात घोडे, आणि मुंडकी उडालेले पुरुष
अजून कुठंतरी जायच्या घाईत.

तांब्याच्या पत्र्यावर सुईनं ओरखडून
शाई भरून छापतात म्हणे असलं चित्र.
सावली म्हणून काळं कुठंच फासलेलं नाही.
नुसत्या रेघा. रेघांवर तिरप्या रेघा.
सुभद्राआत्यानं पान डोळ्यांशी नेलं,
चाळीस वर्षं मागावर बसलेली बाई,
म्हणाली, "हे काढलं नाही रे. विनलं हाये."

तिचाच माग होता टिमकीतल्या त्या खोलीत.
खड्डा बुजवून वर फरशी टाकली,
तरी मे महिन्यात तिथं पाय ठेवला
की अजून गार लागतं.
त्या फरशीवर आम्ही अक्षय्य तृतीयेच्या आत
कोराडी रोडच्या लॉनसाठी ग्रीस करत होतो:
थर्माकोलचे बारा खांब, अठरा फुटी,
वरून प्लास्टरचा हात, मग हस्तिदंती डिस्टेंपर.

तापलेली तार थर्माकोलमधून जाताना
आवाज करत नाही. नुसता वास.
बाबा चित्रातल्या पन्हळी मोजत. अकरा.
पुन्हा मोजत. अकराच.
"अन् मांगून किती?"
पान उलटलं. मागं कोणाचा तरी
किराण्याचा हिशेब, पेन्सिलीनं.
"इतक्या दूर गेला हा माणूस, बोटीनं गेला असंल,
उनात बसला असंल,
अन् खांबाच्या मांगं जाऊन पाहून नाही आला?"

रात्री लाइट गेली, कूलर थांबला.
अंधारात बऱ्याच वेळानं त्यांचा आवाज:
"अकराच धरू.
समोर इतका इमानदार आहे,
मांगं कायले खोटं बोलंल."

मूळच्या खांबाला वीस असतात
हे मला फार उशिरा कळलं.
म्हणजे बारा खांबांच्या चोवीस पन्हळी
ग्रीकांना टिमकीकडून जास्तीच्या.

मला मात्र खांबांपेक्षा तो आवडायचा,
पडक्या दगडावर बसलेला,
फेटेवाला, लांब नळीची चिलीम धरून,
माझ्या नखाएवढा.
"हा कोण?"
"कोनी नाही. मापासाठी बसवला.
त्याच्याबिगर खांब केवढा, कसं कळंल?"
दुपारभर बसवून ठेवला असेल का त्याला?
रोजी दिली असेल?
का तो तिथं नव्हताच,
सुईनं नंतर आणून ठेवला?

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वावटळ आली.
अकरा खांब तारांनी बांधून झालेले.
बारावा पडला, लोळत लोळत
जेवणाच्या टेबलांपर्यंत गेला.
गुरबानी शेठ फोनवर कोणावर तरी ओरडत होते.
मी गेले, आणि तो अठरा फुटांचा खांब
एका खांद्यावर टाकून घेऊन आले.
मांडववाल्यांची पोरं शिट्ट्या मारत होती.

बाबा म्हणाले, "ठेव इथंच. जरा बसतो."
बसले. खांब त्यांच्याखाली थोडा दबला.
मी फोटो काढला,
पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला.

तोच फोटो अजून दाखवते.
लोक झूम करतात, विचारतात, उंची किती,
पाऊस लागला तर काय, रंग बदलून मिळेल का.
म्हाताऱ्याचं कोणी विचारत नाही, ते बरोबरच आहे.
पंचावन्न किलोचे, पाच फूट चार इंच,
उदाराम पराते. मापाला अगदी नेमके.

त्या हंगामात तार तुटून पाठीवर पडली होती,
उजव्या खांद्यापासून कमरेपर्यंत
एक सरळ, लाल रेघ.
फोटोत पाठ येत नाही.